थेम्स बार्जचं लाकडी किट: पावसाळ्यात तळ फुगतो, उन्हाळ्यात फटी पडतात, दरवर्षी तेच – त्यावर जमलेला इलाज

थेम्स बार्ज म्हणजे लंडनकडची जुनी, शिडाची मालवाहू बोट; किटमधल्या लाकडी पट्ट्या जोडून बांधलेलं तिचं छोटं मॉडेल माझ्याकडं आहे. आधी त्रास नेमका काय ते सांगतो, म्हणजे तुमचाही तोच आहे का ते कळेल. एप्रिल-मे मध्ये बोट बांधून झाली तेव्हा एकदम झकास, तळ सपाट, पट्ट्या एकमेकींना घट्ट, सांध्यात नख जात नाही. जुलैत बघावं तर तळ मधोमध फुगलेला, टेबलावर ठेवली की डावी-उजवीकडं डुलतीय, बाजूच्या पट्ट्यांवरनं हात फिरवला की सांध्या-सांध्यावर उंचवटे लागतात. दिवाळीनंतर जरा बरं वाटायला लागतं. आणि मार्च आला की त्याच सांध्यात फटी, तळ आणि बाजू जिथं मिळतात त्या कडेला तर सरळ चीर. मग आपण भुसा नि फेविकॉल कालवून भरतो, काचपेपर मारतो, रंग देतो, झालं म्हणतो, आणि पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा जास्त फुगतं.

असं असेल तरच पुढचं तुमच्या कामाचं. नुसती एखादी पट्टी सुटलीय, बाकी सगळं जागेवर आहे आणि ऋतूशी काही संबंध दिसत नाही, तर तिथं गम नीट लागलेला नाही एवढंच, थोडा गम लावून कपड्याचा चिमटा लावा, काम संपलं.

माझं किट १:४८ चं, म्हणजे खऱ्या बोटीच्या एका फुटाला मॉडेलवर पाव इंच. खऱ्या थेम्स बार्ज साधारण ८० ते ९० फूट लांब असायच्या, त्यामुळं मॉडेलचं नुसतं अंग वीस इंचाच्या पुढं जातं, रुंदी बारा सेंटिमीटरच्या आसपास. या बोटी लंडनची थेम्स नदी आणि तिच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर माल वाहायच्या, विटा, सिमेंट, धान्य, कोळसा, आणि लंडनातल्या घोड्यांसाठी गवत, डेकवर गवताची गंजी रचून निघायच्या आणि परत येताना त्याच घोड्यांचं शेण शेतांसाठी घेऊन जायच्या. एवढी मोठी बोट दोन माणसं चालवायची, एक तांडेल आणि एक हाताखालचा. पूल आला की डोलकाठी खाली पाडायची, पूल गेला की परत उभी. १८६३ पासून त्यांच्या शर्यती लागायला लागल्या. केंब्रिया नावाची बार्ज १९०६ साली बांधलेली, ती १९७० पर्यंत इंजिन न लावता नुसत्या शिडावर माल वाहत होती.

हे सगळं सांगायचं कारण तळ. या बोटीला तळाशी बाहेर आलेला कणा नाही, तळ सपाट. ओहोटी लागली की बोट सरळ चिखलावर बसायची, भरती आली की उठायची, आणि मध्ये शेतकऱ्याच्या गाड्या जवळ येऊन माल भरून जायच्या. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेचा पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर जो मऊ गाळ राहतो तो डोळ्यासमोर आणा, तशा गाळावर शंभर-दीडशे टन माल पोटात घेऊन निवांत बसणारी बोट. म्हणून दुसऱ्या कुठल्या जहाजाच्या मॉडेलचा तळ दोन मिलिमीटर फुगला तर कुणाला कळणार नाही, गोलाईत खपून जातं, पण बार्जचा तळ फुगला की तिचा जीवच गेला. काचेवर ठेवली आणि डुलली तर मला ते बघवत नाही, म्हणून मी या प्रकरणात चार वर्षं घातली.

पहिली तीन वर्षं मी गमाच्या मागं लागलो होतो. आधी साधा पांढरा गम, मग वॉटरप्रूफ म्हणून मिळतो तो, मग कडेला फेविक्विक. प्रत्येक वेळी निकाल तोच. किटमधली लाकडंच हलकी असतील असंही वाटलं. पण गम बरोबर होता आणि लाकूडही बरोबर होतं. चूक जोडायच्या पद्धतीत होती, आणि ती मला दाखवली आमच्या गल्लीतल्या पॅटर्नवाल्या काकांनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी ओतकाम करायचं तर आधी त्या पार्टचा लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात लोखंड ओतायचं. काकांनी आयुष्यभर हे पॅटर्न केले. ओलसर वाळूत शंभर वेळा दाबला तरी लाकडी पॅटर्न वाकता कामा नये, माप हलता कामा नये, म्हणजे आपलाच प्रश्न त्यांनी रोज सोडवलेला. त्यांच्याकडं एक पट्टी आहे, तिच्यावरचे आकडे खऱ्या मापापेक्षा जरा लांब आहेत, कारण ओतलेलं लोखंड गार होताना शंभराला साधारण एक आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. बोट हातात घेऊन त्यांनी उलटी केली, तळावरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाळा, लोखंड एकदा आकसतंय आणि गप बसतंय. लाकूड दरवर्षी आकसतंय नि दरवर्षी फुगतंय. तू त्याला जागाच ठेवली न्हाईस."

मग मी बसून हिशोब केला, तो तुम्हीही करा कारण तो केल्याशिवाय पटत नाही.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, पापड सादळतो तसंच, फक्त सावकाश. घरातली हवा ३० टक्के आर्द्रतेची असेल तर लाकडात साधारण ६ टक्के पाणी राहतं, ६५ टक्क्याला १२ च्या आसपास, आणि ८०-८५ च्या हवेत आठवडेच्या आठवडे राहिलं तर १६ च्या वर जातं. कोल्हापुरात एप्रिलची दुपार आणि जुलैचा सततचा पाऊस यात हा एवढा फरक सहज पडतो. माझ्या खोलीतला मीटर एप्रिलमध्ये ३५ च्या खाली दाखवायचा आणि जुलैत ८५ च्या वरनं उतरायचा नाही.

आता किटमधल्या पट्ट्या बहुतेक बासवुड किंवा लाइमवुडच्या असतात. बासवुड पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत रुंदीत साधारण साडेसहा ते नऊ टक्के आकसतं, लाकडातल्या रेषा कशा आहेत त्यावर अवलंबून. लांबीत मात्र जेमतेम ०.१-०.२ टक्के. म्हणजे पाणी ७ वरनं १६ टक्क्यावर गेलं की रुंदीत अडीच टक्क्याच्या आसपास वाढ. ५ मिलिमीटरच्या एका पट्टीला ०.१२ मिलिमीटर, काहीच नाही वाटतं. पण बारा सेंटिमीटर तळात अशा चोवीस पट्ट्या शेजारी शेजारी कडेला कड चिकटवलेल्या, झाले ३ मिलिमीटर. तीन! आणि त्यांच्या वरच्या बाजूला प्लायवुड, जे तिन्ही थर आडवे-उभे असल्यामुळं जवळपास हलतच नाही. एक बाजू तीन मिलिमीटर पसरायला बघतीय आणि दुसरी हलायला तयार नाही, मग तळ वाकणारच, पसरणारी बाजू बाहेर काढून. म्हणून बोट मधोमध टेकते आणि डुलते.

सुताराकडनं फर्निचर करून घेतलंय त्यांना हे लगेच कळेल. प्लायच्या दाराला एकाच बाजूला सनमायका लावला की दार वाकतं, म्हणून चांगला सुतार आतल्या बाजूलाही पातळ लायनर लावतोच. आपण मॉडेलवाले तळाला बाहेरनं पट्ट्या लावतो आणि आतनं प्लाय उघडा सोडतो. दिसत नाही म्हणून.

आणि दरवर्षी फट मोठी का होते, हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात पण त्यांना जागा नसते, मग त्या एकमेकींना दाबतात आणि कडेचे तंतू चिरडले जातात. चिरडलेलं लाकूड परत पूर्ववत होत नाही. उन्हाळ्यात ती पट्टी आकसते ती मूळ मापापेक्षा बारीक होते, फट पडते. त्या फटीत आपण भुसा-गम भरतो, तो दगडासारखा होतो. पुढच्या पावसाळ्यात पट्टीला आणखी कमी जागा, आणखी चिरडतं, पुढच्या मार्चमध्ये आणखी मोठी फट. म्हणजे मार्चमध्ये फट भरणं हाच रोग आहे. मी तीन वर्षं मन लावून रोग वाढवत होतो, म्हणून हे कळकळीनं सांगतोय, मार्च ते मे या काळात कुठल्याही फटीत काहीही भरू नका. नुसती बघा, मोजा, लिहून ठेवा.

मोजायचं कसं ते सांगतो, खर्च जवळपास नाही. टीपॉयची जाड काच घ्या, तिच्यावर बोट ठेवा, एक कड दाबून धरा आणि दुसऱ्या कडेखाली झेरॉक्सचे साधे कागद एकेक करून सरकवा. झेरॉक्सचा नेहमीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. किती कागद गेले ते तारखेसकट वहीत लिहा. माझ्या बोटीखाली एका ऑगस्टमध्ये चौदा कागद गेले होते. दुसरं म्हणजे उरलेल्या पट्ट्यांचा एक जुडगा बांधून ठेवा आणि महिन्यातनं एकदा वजन करा, गुजरीत सोनारांकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो. माझा जुडगा मार्चमध्ये ५० ग्रॅम होता तो ऑगस्टमध्ये ५३ च्या वर गेला, हे जास्तीचं सगळं हवेतनं आलेलं पाणी. हे आकडे एकदा डोळ्यांनी बघितले की गमावरचा राग जातो.

आर्द्रतेचा छोटा मीटरही घ्या, पण स्वस्तातले मीटर पाच-दहानं इकडंतिकडं असतात. तपासायचा सोपा उपाय, बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, पाण्याचे चार थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवून टाकायचं नाही, आणि ते टोपण नि मीटर एका झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरनं ७५ दाखवायला पाहिजे. माझा ६८ दाखवत होता, म्हणजे त्यात ७ मिळवून वाचायचं, मीटरच्या मागच्या बाजूला तशी चिठ्ठी चिकटवून टाकली. वर दिलेले माझे आकडे असे मिळवलेलेच आहेत.

आता दुरुस्ती. ही दोन प्रकारची आहे, बोट कुठल्या अवस्थेत आहे त्यावर.

ज्यांची बोट पूर्ण झालीय, दोऱ्या-शिडं लागलीत आणि तळ चार-पाच कागदांपेक्षा जास्त डुलत नाही, त्यांनी काही उचकटू नका. बार्जची एक चांगली गोष्ट म्हणजे माल भरायचे मोठे हॅच, म्हणजे डेकमधली झाकणाची तोंडं, मधला तर मॉडेलवर दोन बोटं आरामात जातील एवढा. हॅचची झाकणं चिकटवली नसतील तर तिथनं वाकड्या ब्रशनं आतल्या सगळ्या उघड्या लाकडाला लाखेचं पॉलिश द्या, दोन-तीन हात. बाहेरनं रंग आहे आणि आतनं उघडं आहे म्हणूनच पाणी एका बाजूनं आत-बाहेर करतं. एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो. माझ्या एका मित्राची बोट तर नऊ कागदांवर होती, तीही तीनवर आली, त्यानं दुसरं काहीच केलं नाही.

माझी मात्र पार गेलेली होती. मी तळाच्या पट्ट्या काढल्या. काळ निवडला तो दसरा झाल्यानंतरचा, मीटर ५५ ते ६० मध्ये आला आणि दहा-बारा दिवस तिथंच राहिला तेव्हा. हा वर्षाच्या दोन टोकांच्या मधला काळ आहे, पट्टी ना फुगलेली ना आकसलेली, आणि जोडकाम याच काळात करायचं. फेब्रुवारीतही असे काही दिवस मिळतात. ऐन उन्हाळ्यात सुट्टी असते म्हणून बरेच जण मे मध्ये पट्ट्या लावतात, मीही तेच केलं होतं, आणि सगळं दुखणं तिथनं सुरू झालं.

पांढरा गम सोडवायला हेअर ड्रायरची गरम हवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही आळीपाळीनं, घाई न करता. अल्कोहोल लावून दहा मिनिटं थांबायचं, मग पातळ सुरी सरकवायची. ड्रायर आणि अल्कोहोल एकाच वेळी नको, ते पेट घेतं, आधी पुसून उडू द्या, मग ड्रायर, आणि खिडकी उघडी ठेवा. मला तळाच्या चोवीस पट्ट्यांना चार संध्याकाळी लागल्या. पट्ट्या गेल्यावर दोनच दिवसांत प्लाय आपोआप जवळजवळ सपाट झाला, तेव्हाच पटलं की काका बरोबर होते.

मग आतनं. खऱ्या बार्जमध्ये तळाच्या फळ्यांवर आडव्या जाड तुळया असतात आणि त्यांच्यावरनं बोटीच्या लांबीभर एक भक्कम तुळई जाते, तिला कीलसन म्हणतात. सगळा माल या सांगाड्याच्या जिवावर बसतो. किटमध्ये यातलं काही नव्हतं, नुसत्या फ्रेम, म्हणजे बोटीच्या फासळ्या, आणि मध्ये मोकळे खण. मी प्रत्येक खणात प्लायची एक पट्टी उभी कड करून, बोटीच्या रुंदीत आडवी बसवली, हॅचमधनं जाईल तिथं हॅचमधनं, बाकी ठिकाणी डेकचा थोडा भाग उचलून. लाकूड लांबीत हलत नाही, त्यामुळं आडवी पट्टी रुंदीला धरून ठेवते. आणि मोकळ्या खणांमध्ये बाहेरच्या पट्ट्यांचंच लाकूड, निम्म्या जाडीचं, त्याच दिशेनं रेषा ठेवून चिकटवलं. हे म्हणजे सुताराचं लायनर. दिसणार नाही कुणाला, पण तळ त्याच्यामुळंच सरळ राहिलाय.

इथं गम कुठला वापरायचा? मोठ्या सपाट भागाला पांढरा गम लावला की त्यातलंच पाणी लाकडाची एक बाजू फुगवतं, वाळेपर्यंत वाकलेलं असतं. म्हणून सपाट भागाला मी दोन ट्यूबचं इपॉक्सी वापरलं, अगदी पातळ पसरून, वर पॉलिथिन, त्यावर विटा, चोवीस तास. पट्ट्या फ्रेमला जोडायला पांढरा गमच चांगला, थेंब-थेंब. फेविक्विकनं नुसतं टाचून घ्या, सगळा सांधा त्याच्यावर सोडू नका, तो कडक होतो आणि लाकूड हललं की तुटतो.

आता काकांची जागा. नवीन पट्ट्या तळाला लावताना गम फक्त प्लायच्या बाजूला लावला, पट्टीच्या कडेला अजिबात नाही, आणि दर दोन पट्ट्यांमध्ये झेरॉक्सच्या कागदाची एक चिंधी उभी धरून पट्टी बसवली, गम धरला की कागद ओढून काढला. का तर मधल्या काळातनं पावसाळ्याकडं जाताना ५ मिलिमीटरची पट्टी ०.०८-०.०९ मिलिमीटर वाढते, कागद ०.१ चा. हिशोब बरोबर बसतो. एवढी बारीक फट दिसत नाही, उलट १:४८ ला सांध्याची रेघ छान उमटते. खऱ्या जहाजातही फळ्यांच्या सांध्यात ताग-काथ्यासारखे धागे ठोकून वर डांबर भरायचे, कारण लाकूड हलणार हे त्यांना माहीतच होतं. फटीत मी कडक काही भरलं नाही, तळाला काळा रंग देतानाच तो थोडा आत गेला तेवढाच. बाजूच्या पट्ट्या लावताना एक डावीकडं, एक उजवीकडं असं करत जा, एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली की बोट पिळवटते आणि तो पीळ नंतर कशानंच जात नाही.

ज्यांना पट्ट्या बदलायच्याच आहेत त्यांनी सागवानाचा विचार जरूर करा. सागवान बासवुडच्या निम्म्यानं हलतं, म्हणूनच पॅटर्नवाले तेच घ्यायचे. फक्त तेलकट असतं, चिकटवायच्या आधी स्पिरिटच्या फडक्यानं पुसून लगेच गम लावायचा. मी तळाला सागवान आणि वर बासवुड असं केलं.

लाखेच्या पॉलिशवर थोडं सविस्तर बोलतो कारण यात चुका झाल्या की सगळं वाया जातं. लाखदाणा आणि स्पिरिट पॉलिशवाल्यांना सामान देणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतं. पहिल्या हाताला १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम लाख, पातळ, म्हणजे लाकडात शिरते. पुढच्या दोन हातांना २४ ग्रॅम. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचं, अधनंमधनं हलवायचं, खाली गढूळ मेण बसतं, वरचं निवळ तेवढं कापडातनं गाळून घ्यायचं. पट्ट्यांची कापलेली टोकं आधी आणि जास्त वेळा, कारण पाणी तिथनंच सगळ्यात पटकन शिरतं. जिथं पुढं पांढरा गम लागणार आहे तिथं लाख लागू देऊ नका, तिच्यावर तो धरत नाही, म्हणून आधी जोडकाम पुरं करायचं, मग पॉलिश. पावसाच्या दिवशी लावलं तर पांढरट धुकं धरतं, कोरड्या दिवशीच लावा. स्पिरिटची वाफ लगेच पेटते, देवघराजवळ किंवा गॅसजवळ हे काम करायचं नाही. आणि बरणीवर तारीख लिहा, कालवून वर्ष झालेली लाख वाळतच नाही, चिकट राहते, ती टाकून द्या.

जवसाचं तेल चोळलं तर चालेल का, असं मला दोघातिघांनी विचारलं. दिसायला फार सुंदर येतं पण हवेतली ओल ते जवळपास अडवतच नाही. लाखही पूर्ण अडवत नाही, सावकाश करते, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे, म्हणजे आठ दिवस झड लागली तरी लाकडाला कळेपर्यंत ऊन पडलेलं असतं.

त्यानंतर बोट काचेच्या पेटीत. पेटीचा उपयोग धुळीसाठी जेवढा, त्याहून जास्त यासाठी. जून ते सप्टेंबर पेटी उघडायची नाही, आत सिलिका जेलची पुडी, ती महिन्यानं काढून गरम करून परत. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. आमचं घर मंगळवार पेठेतलं जुनं, पश्चिमेच्या भिंतीला दरवर्षी ओल येते, आणि माझी बोट पहिली तीन वर्षं नेमकी त्या भिंतीच्या कोनाड्यात होती. आता आतल्या भिंतीला आहे. स्वयंपाकघराच्या दारासमोरही नको, कुकरची वाफ रोज दोनदा तिकडनं येते.

दुरुस्तीनंतर दोन पावसाळे झाले. पहिल्या ऑगस्टमध्ये दोन कागद गेले, दुसऱ्यात एक गेला आणि दुसरा अडकला. मार्चमध्ये बाजूच्या एका जुन्या सांध्यात, जो मी उघडला नव्हता, केसाएवढी चीर दिसते, पावसाळ्यात मिटते. ती मी तशीच ठेवलीय.

दोऱ्यांचं थोडक्यात. सुती दोरा ओल्या हवेत आखडतो, त्यामुळं पावसाळ्यात ताण वाढून डोलकाठी मागं-पुढं ओढली जाते आणि तिरपा मोठा वासा, ज्याला स्प्रिट म्हणतात, तो एका बाजूला कलतो. तळ सरळ करूनही डोलकाठी कलत असेल तर दोष दोऱ्यात आहे. पॉलिस्टरचा दोरा घ्या, शिवणकामाच्या दुकानात हवा तो तपकिरी रंग मिळतो, आणि शिडाच्या त्या गेरूसारख्या लाल रंगाशी तो शोभतोही. खऱ्या शिडांना गेरू आणि तेल कालवून चोपडायचे, म्हणूनच तो रंग.

शेवटचं राहिलं ते लीबोर्ड. बोटीच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या लटकणाऱ्या मोठ्या फळ्या, सपाट तळाची बोट वाऱ्यानं बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात सोडायच्या. मॉडेलमध्ये या बोटीला चिकटवूनच रंगवतात बरेच जण, मग बाहेरच्या बाजूला तीन हात रंग आणि आतली बाजू कोरी, आणि पहिल्याच पावसात त्या द्रोणासारख्या वळतात. लावायच्या आधी दोन्ही बाजू आणि चारी कडा सारख्याच हातांनी पॉलिश करा, दोऱ्याला टांगून वाळवा, टेबलावर पालथ्या नको, आणि बोटीला नुसत्या वरच्या टोकाला पितळी खिळ्यावर अडकवा, खालचं टोक मोकळं. वळलेल्या असतील तर पोकळ बाजूला ओलं फडकं फिरवून काचेवर वजनाखाली दोन दिवस ठेवा, सपाट झाल्या की चार-पाच दिवस तशाच वजनाखाली वाळू द्या आणि मगच पॉलिश. ओल आत असतानाच पॉलिश केलं की महिनाभरात परत वळतात, माझी डावीकडची दोनदा वळली ती यानंच.